जबड्याचे हाड पुन्हा उभारता येते. पण कर्ज काढण्याआधी हे वाचा



वर्षावासातला रविवार होता. पौडजवळच्या एका वस्तीतल्या विहारात वंदना झाली, ग्रंथवाचन झाले आणि चहा यायच्या आत एक मावशी आमच्याजवळ येऊन बसल्या. वय पंचावन्नच्या आसपास, पिरंगुटच्या कारखान्यात साफसफाईचे काम. त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "सिस्टर, यात काय लिहिलंय ते सांगा. पोरगा म्हणतोय कर्ज काढतो, पण आईला नीट जेवता आलं पाहिजे."

तो एका खासगी दवाखान्याने दिलेला खर्चाचा अंदाज होता. दोन्ही बाजूंना सायनस लिफ्ट, बोन ग्राफ्ट, मेंब्रेन, सहा इम्प्लांट, त्यावर कॅप. एकूण तीन लाख दहा हजार रुपये. महिनाअखेरपर्यंत पैसे भरले तर सवलत. मुलगा टेम्पो चालवतो. फायनान्स कंपनीचा माणूस घरी येऊन कागदपत्रे बघून गेला होता.

आम्ही हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. आमच्यापैकी काहींनी वर्षानुवर्षे रुग्णालयात नर्सची नोकरी केली आहे, पण आम्ही दंतवैद्य नाही. आम्ही फक्त दोन गोष्टी विचारल्या. मावशी, साखर किती आहे? आणि मशेरी लावता का? साखर तपासून दोन वर्षे झाली होती. मशेरी दिवसातून चार वेळा. या दोन्ही गोष्टी दवाखान्यात कुणी विचारल्याच नव्हत्या.

त्या दिवशी विहारात जे बोलणे झाले ते सगळ्यांच्या कामाचे आहे, म्हणून या महिन्याचे आरोग्याचे पान त्यालाच दिले आहे.

दात पडतो, मग हाडही झिजते

दात हिरडीत रोवलेला असतो असे आपल्याला वाटते. खरे तर तो हाडाच्या खोबणीत बसलेला असतो, हिरडी ही वरची झाकण. दाताचे मूळ आणि हाड यांच्या मध्ये बारीक तंतू असतात. आपण भाकरी चावतो तेव्हा तो दाब या तंतूंमधून हाडापर्यंत पोचतो. हाड ही जिवंत वस्तू आहे. काही पेशी जुने हाड सतत काढत असतात, काही पेशी नवे बांधत असतात. दाब येत राहिला तर हिशेब बरोबर राहतो. दात गेला, दाब थांबला, की काढणे चालूच राहते आणि बांधणे मागे पडते.

मुळशीच्या डोंगरउतारावर झाड तोडल्यावर काय होते ते आपण दर पावसाळ्यात बघतो. मुळे होती तोवर माती धरलेली होती. मुळे गेली की एकदोन पावसाळ्यांत तिथे घळ पडते. जबड्याचेही तसेच होते.

हे फार लवकर होते. दात काढल्यानंतर पहिल्या सहा महिन्यांतच त्या जागच्या हाडाची रुंदी साधारण एक तृतीयांशापासून ते निम्म्यापेक्षा जास्त कमी होऊ शकते. उंचीही कमी होते, पण रुंदीइतकी नाही. समोरच्या दातांच्या बाहेरच्या बाजूचे हाड मुळातच कागदासारखे पातळ असते, बऱ्याच जणांत एक मिलिमीटरही नसते. ते सगळ्यांत आधी जाते. म्हणून ज्यांचे दात लवकर पडले त्यांचे ओठ आत जातात, गाल बसतात, चेहरा वयाआधी म्हातारा दिसतो.

वरच्या दाढांच्या जागी आणखी एक अडचण असते. त्या दाढांच्या वर, गालाच्या आत, हवेची एक पोकळी असते. तिला सायनस म्हणतात. दाढा गेल्या की ही पोकळी खाली पसरते आणि मधले हाड कधी कधी दोन-तीन मिलिमीटरच उरते. खालच्या जबड्यात मागच्या बाजूला ओठाची संवेदना नेणारी नस हाडातूनच जाते. हाड झिजले की ती नस वरच्या कडेच्या जवळ येते. तिला धक्का लागला तर ओठ आणि हनुवटी बधिर होते.

मशेरी आणि साखर : हाड पोखरणाऱ्या दोन गोष्टी

सगळ्यांचे हाड दात पडल्यावरच झिजते असे नाही. बऱ्याच जणांचे हाड आधी जाते आणि त्यामुळे दात पडतो. हिरडीला सूज, मग पू, मग मुळाभोवतीचे हाड पोखरले जाते, दात हलू लागतो आणि एक दिवस हातात येतो. कीड नसलेला धडधाकट दात पडला तर समजावे की हाड गेले होते.

आपल्या बाया तव्यावर तंबाखू जाळून मशेरी करतात आणि दात घासायचे म्हणून लावतात. पोट साफ होते, दात दुखायचा थांबतो, आईही लावायची. कारणे आम्हाला पाठ आहेत, कारण आमच्याही घरात हेच ऐकत आम्ही मोठ्या झालो. पण मशेरी म्हणजे दंतमंजन नव्हे, तंबाखूच. तिच्यातले निकोटिन हिरडीचा रक्तपुरवठा कमी करते. दात दुखायचा थांबतो तो बरा झाला म्हणून नाही, बधिर झाला म्हणून. आत हाड झिजतच असते. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रात चार प्रौढांमागे जवळजवळ एक जण धूर नसलेली तंबाखू वापरताना आढळला. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण मशेरी घरच्या तव्यावरच तयार होते. तिच्यावर बंदी कोण घालणार? आपणच.

दुसरी गोष्ट मधुमेह. साखर जास्त राहिली की हिरडीतला जंतुसंसर्ग आटोक्यात येत नाही आणि जखम उशिरा भरते. उलटेही खरे आहे. हिरडीत पू राहिला तर साखरही आटोक्यात यायला त्रास होतो.

इम्प्लांटला हाड का लागते

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियम धातूचा लहान स्क्रू. तो जबड्याच्या हाडात बसवतात, हाड त्याला घट्ट धरते, मग त्यावर दाताची कॅप बसते. हाड टायटॅनियमला असे धरते हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क नावाच्या संशोधकाला १९५२ साली सशांच्या हाडातल्या रक्तप्रवाहाचा अभ्यास करताना दिसले. हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण काढायला गेले तर ते निघेना! १९६५ साली त्यांनी पहिल्यांदा एका रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. आज जगभर हीच पद्धत आहे.

साधारण इम्प्लांट साडेतीन ते पाच मिलिमीटर जाड आणि आठ ते तेरा मिलिमीटर लांब असते. त्याच्या चहूबाजूंनी निदान एक-दीड मिलिमीटर हाड हवे. नसेपासून निदान दोन मिलिमीटर अंतर हवे. हाड एवढे नसेल तर दोनच वाटा उरतात. एक, कमी हाडात भागेल असा दुसरा उपाय बघणे. दोन, हाड वाढवणे. या दुसऱ्या वाटेला बोन ग्राफ्ट म्हणतात.

ग्राफ्ट म्हणजे काय

ग्राफ्ट म्हणजे आयते हाड चिकटवणे, असा समज असतो. बहुतेक वेळा तसे नसते. ग्राफ्ट हे सेंट्रिंगसारखे काम करते. स्लॅब टाकताना आधी फळ्या आणि टेकू लावतात, काँक्रीट त्याच्या आधाराने बसते, पाणी मारून मारून घट्ट होते, मगच वर वजन ठेवता येते. ग्राफ्टचे दाणे जागा धरून ठेवतात. त्यांच्यामध्ये आपल्या रक्तवाहिन्या शिरतात, आपल्या पेशी नवे हाड बांधतात आणि बरेचसे दाणे हळूहळू विरघळतात. उरते ते मुख्यतः आपले हाड. म्हणून घाई चालत नाही, आणि ज्या शरीरात रक्तपुरवठा कमी आहे किंवा संसर्ग आहे तिथे सेंट्रिंग कितीही महागाचे लावले तरी स्लॅब पडतो.

ग्राफ्टचे चार प्रकार आहेत.

पहिला, स्वतःचे हाड. खालच्या जबड्याच्या मागच्या भागातून किंवा हनुवटीतून लहान तुकडा घेतात. जास्त लागले तर कमरेच्या हाडातून. यात जिवंत पेशी असतात, म्हणून ते सर्वांत चांगले मानतात. पण दुसरी जखम होते आणि तिथेही दुखते.

दुसरा, दुसऱ्या माणसाचे दान केलेले हाड. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली ऊती पेढी सुरू झाली. दान मिळालेले हाड स्वच्छ करून, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ते रुग्णांसाठी दिले जाते. अशा पेढ्यांची नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. दात्याची जात कोणती, धर्म कोणता हे पेशी विचारत नाहीत. त्यांना फक्त आधार हवा असतो. ज्या समाजाला शतकानुशतके पाण्याला हात लावू दिला नाही, त्या समाजाने ही गोष्ट लेकरांना जरूर सांगावी.

तिसरा, जनावराचे हाड, बहुधा गोवंशाचे. त्यातले सगळे जैविक घटक काढून फक्त खनिजाचा सांगाडा ठेवलेला असतो. तो फार हळू विरघळतो, त्यामुळे आकार टिकतो.

चौथा, कारखान्यात तयार केलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे दाणे. आपल्या हाडातले खनिज याच जातीचे असते.

कोणता प्रकार वापरणार हे आधी विचारण्याचा आणि नको असेल तो नाकारण्याचा हक्क रुग्णाला आहे. डबीवर नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असते. ते लेबल आपल्या फाइलला लावून घ्या.

शस्त्रक्रिया कशी होते, किती दिवस लागतात

हाड अरुंद असेल तर हिरडी उघडून दाणे भरतात आणि त्यावर मेंब्रेन नावाचा पातळ पडदा ठेवतात. हिरडीचे मांस हाडापेक्षा लवकर वाढते. पडदा नसेल तर हाडाची जागा मांसच घेते. हाड फारच गेले असेल तर स्वतःच्या हाडाचा तुकडा बारीक स्क्रूने बसवतात. वरच्या दाढांच्या जागी सायनसचे पातळ अस्तर अलगद वर उचलून खालच्या मोकळ्या जागेत दाणे भरतात. हीच ती सायनस लिफ्ट.

यातली बहुतेक कामे जागेवर भूल देऊन होतात. दोन-चार दिवस सूज राहते. गरम आणि तिखट काही दिवस बंद. सायनस लिफ्ट झाल्यावर दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचे नाही आणि शिंक आली तर तोंड उघडून शिंकायची.

वेळेचा हिशेब असा. ग्राफ्ट पक्के व्हायला चार ते सहा महिने, मोठ्या सायनस लिफ्टला सहा ते नऊ महिने. पुढे इम्प्लांट बसवल्यावर ते हाडात रुजायला आणखी तीन ते सहा महिने. पुरेसे हाड असेल तर काही वेळा ग्राफ्ट आणि इम्प्लांट एकदम करता येते. पण हाड कमी असलेल्या माणसाला सगळे मिळून नऊ महिने ते दीड वर्ष लागेल असे धरून चालावे. "महिनाभरात पक्के दात" असे कुणी सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे भरू नका. आणि मधल्या काळात कामाचे किती खाडे होतील, तेही त्या हिशेबात धरा.

आधी थांबावे कुणी

तंबाखू, मशेरी, विडी चालू असेल त्यांनी. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असते. शस्त्रक्रियेआधी काही आठवडे आणि नंतर काही महिने तंबाखू बंद हवी. खरे तर कायमचीच.

साखर आटोक्यात नसेल त्यांनी. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी तपासणी आधी करावी. साखर आटोक्यात असलेल्या मधुमेहींनाही इम्प्लांट बसवता येते, पण आधी साखर, मग चाकू.

उरलेल्या दातांच्या हिरड्यांतून रक्त किंवा पू येत असेल त्यांनी. शेजारी आग लागलेली असताना नवे घर बांधत नाहीत.

हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचे इंजेक्शन घेणाऱ्यांनी. अॅलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक अॅसिड अशी ती औषधे. त्यांच्यामुळे क्वचित दात काढल्यावर किंवा जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर हाड मरते आणि उघडे पडते. औषधाची चिठ्ठी दंतवैद्याला दाखवा. मात्र मनाने गोळी बंद करू नका.

जबड्याला किरणोपचार झालेल्यांनी. त्यांचे जबड्याचे हाड उशिरा भरते. दात काढायचा असला तरी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारूनच काढावा.

ग्राफ्टशिवायच्या वाटा

ही गोष्ट मावशींच्या कागदावर कुठेच नव्हती. हाड नसले म्हणजे ग्राफ्ट केलेच पाहिजे असे नाही.

काढता-घालता येणारी कवळी हा सर्वांत स्वस्त उपाय. काही दात शिल्लक असतील तर अर्धी कवळी. नीट मापाची असेल तर तिने भाकरी खाता येते. पण सैल झालेली कवळी तशीच वापरू नये. तिच्या घासण्याने हाड आणखी झिजते. रात्री काढून पाण्यात ठेवावी आणि सैल वाटली की आतून पुन्हा भरून घ्यावी.

खालचे सगळे दात गेले असतील तर हनुवटीच्या भागात फक्त दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवता येते. या भागात बहुतेकांचे हाड पुरेसे शिल्लक असते, त्यामुळे बऱ्याचदा ग्राफ्ट लागत नाही. खालची कवळी सगळ्यांत जास्त हलते आणि या दोन खुंट्यांनी ती जागेवर राहते. सहा-आठ इम्प्लांटच्या खर्चापुढे हा उपाय कितीतरी आटोपशीर आहे.

पुरेसे हाड असलेल्या जागी तिरके किंवा आखूड इम्प्लांट बसवूनही काहींचा ग्राफ्ट टळतो. आणि सगळ्यांत मागची एखादी दाढ नसली तर ती बसवलीच पाहिजे असे नाही. चावता येते ना, हे बघावे.

जबडाच गेला तर

वर सांगितले ते दातांच्या जागच्या थोड्या हाडाबद्दल. पण तोंडाच्या कर्करोगात जबड्याचा मोठा तुकडा काढावा लागतो, तेव्हा दाणे भरून भागत नाही. मग पायाच्या पोटरीतले बाहेरच्या बाजूचे बारीक हाड तिच्या रक्तवाहिन्यांसकट घेऊन जबड्याच्या आकारात बसवतात आणि त्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. शरीराचे वजन आतल्या जाड हाडावर असते, म्हणून माणूस पुन्हा चालू शकतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया नियमित होतात. पुढे त्या हाडात इम्प्लांटही बसवता येते.

२०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनामागून काळ्या बुरशीचा आजार आला. मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉईड घेतलेल्या अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला. गिळलेले पाणी नाकातून येई, बोललेले कळत नसे. अशा रुग्णांना टाळूचे भोक झाकणारी खास कवळी करतात. काहींना गालफडाच्या घट्ट हाडात लांब इम्प्लांट बसवतात. तेव्हा सरकारने या आजाराचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घेतले होते.

तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि किरणोपचार याच योजनेत होतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ या क्रमांकावर फोन करा. जबड्याची पुनर्बांधणी त्याच शस्त्रक्रियेत बसते का, हे आधीच विचारून घ्या. पडलेल्या दातांसाठी नुसते इम्प्लांट हवे असेल तर मात्र ही योजना उपयोगी नाही. तो खर्च खिशातूनच होतो, म्हणूनच तिथे जास्त सावध राहायचे.

जायचे कुठे, विचारायचे काय

मुळशीतून ग्रामीण रुग्णालय, पौड किंवा पुण्याचे ससून रुग्णालय ही पहिली पायरी. दुखणे, पू, हिरडीची सूज यांसाठी तिथे जावे. त्यापुढच्या कामासाठी दंत महाविद्यालये आहेत. पिंपरी, धनकवडी आणि कॅम्प भागात ती आहेत. तिथे शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, दोन-चार खेपा पडतात, पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी असतो. मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय ही सार्वजनिक संस्थांची मोठी ठिकाणे. विश्वस्त संस्थांच्या मोठ्या रुग्णालयांत दाखल व्हावे लागले तर दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड बरोबर ठेवा आणि समाजसेवा विभागात विचारा.

डॉक्टरांसमोर बसल्यावर हे प्रश्न विचारा. वाचता येणारे पोर बरोबर न्या आणि उत्तरे लिहून घ्या.

१. माझे हाड किती मिलिमीटर उरले आहे? ते सीबीसीटी स्कॅनवर मला दाखवा. (साध्या एक्स-रेवर हाडाची रुंदी दिसत नाही.)

२. ग्राफ्ट न करता काय करता येईल?

३. ग्राफ्ट कोणत्या प्रकारचा, आणि का?

४. माझ्या साखरेचा आणि तंबाखूचा यावर काय परिणाम होईल?

५. एकूण खर्च किती? कॅपचे पैसे त्यात आहेत का? टप्प्याटप्प्याने भरता येतील का?

६. ग्राफ्ट किंवा इम्प्लांट निकामी झाले तर पुन्हा पैसे लागतील का?

७. शस्त्रक्रिया कोण करणार, आणि पुढची तपासणी किती दिवसांनी?

स्कॅनची सीडी आणि सगळे कागद आपल्याजवळ ठेवा. ते आपले आहेत. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. कुणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून बघा आणि मग स्वीकारा, ही शिकवण आपल्याला अडीच हजार वर्षांपूर्वीच मिळालेली आहे. ती दवाखान्याच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवू नका.

हाड आहे तोवर सांभाळा

वाचवता येणारा दात काढू नका. रूट कॅनॉल महाग वाटते, पण ग्राफ्ट आणि इम्प्लांटपेक्षा ते कितीतरी स्वस्त आहे, आणि मूळ राहिले तर हाड राहते. दात काढावाच लागला आणि पुढे इम्प्लांटचा विचार असेल, तर त्याच दिवशी खोबणीत दाणे भरून हाड जपता येते का, हे विचारा. नंतरच्या मोठ्या ग्राफ्टपेक्षा हे काम लहान असते.

फ्लोराईडची साधी पेस्ट आणि मऊ ब्रश, सकाळी आणि रात्री झोपताना. हिरडीतून रक्त येते म्हणून घासणे बंद करू नका. रक्त येते तिथेच हलक्या हाताने घासायचे असते. वर्षातून एकदा दातांची सफाई करून घ्या. सफाईने दात हलायला लागतात हा गैरसमज आहे. दात आधीच हललेले असतात, दगडासारखे कीटण त्यांना धरून ठेवल्यासारखे दिसते एवढेच.

मशेरी सोडायला मदत हवी असेल तर १८००११२३५६ या मोफत क्रमांकावर फोन करता येतो. एकटीने सोडणे अवघड जाते. वस्तीतल्या पाच जणींनी मिळून एकाच दिवशी तवा धुऊन टाकावा. त्या तव्यावर भाकरीच बरी.

आणि मावशी?

मावशींनी त्या महिन्यात पैसे भरले नाहीत. सवलत गेली. मुलगा आमच्यावर दोन-तीन आठवडे नाराज होता. आईसाठी काही करतोय तर या बाया मध्ये आल्या, असे त्याला वाटले, आणि त्याचे वाटणे चूक नव्हते. साखरेची तपासणी केली तर एचबीए१सी साडेदहा निघाले. त्या साखरेवर आणि त्या मशेरीवर दाणे भरले असते तर ते टिकण्याचा भरवसा कुणी दिला असता?

पौडला औषधे सुरू झाली. दंत महाविद्यालयात हिरड्यांची सफाई झाली, हलणारे दोन दात काढले, बाकीचे वाचले. तीन महिन्यांनी अर्धी कवळी मिळाली. पहिले आठ दिवस टोचली, दोनदा घासून आणली, आता त्या तिच्यावर ज्वारीची भाकरी खातात. मशेरी चारवरून एकावर आली आहे. ती एकही जायला हवी, हे त्यांनाही माहीत आहे आणि आम्ही दर रविवारी विचारतोच.

साखर सातच्या आत आली आणि मशेरी पूर्ण सुटली की इम्प्लांटचे बघू, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले आहे. तोवर मुलगा दर महिन्याला थोडे बाजूला टाकतो आहे. कर्जाचा हप्ता भरण्यापेक्षा हे बरे, असे परवा तोच आम्हाला म्हणाला.

तुमच्याही घरात असा घडी घातलेला कागद असेल तर तो घेऊन विहारात या. आपण सगळे मिळून वाचू. घाईने सही करू नका.

जय भीम. नमो बुद्धाय.